हिटच्या रकान्यातलं शून्य

मैदानावर कोण खेळतंय हे कळल्याशिवाय गुणलेखकाला पेनचं टोपण काढता येत नाही. आधी दोन संघांची नावं, मग खेळाडूंची यादी, नाणेफेक आणि मग पहिला चेंडू. मुंबईत कांगा लीगच्या ओल्या मैदानांपासून ऑफिसांच्या सामन्यांपर्यंत वर्षानुवर्षं मी हेच करत आलो. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये लेकीकडे मायामीला गेलो असताना कॅरिबियन सिरीजचा सामना बघायला बसलो, तेव्हा अडलो तो पहिल्याच ओळीला.

समोरच्या संघाच्या छातीवर ‘व्हेनेझुएला’ असं लिहिलेलं होतं. देशाचा संघ दिसतो, असं मी धरून चाललो. शेजारी लेकीच्या मैत्रिणीचे वडील बसले होते. त्यांना मी सेन्योर म्हणत असे. त्यांनी ठामपणे मान हलवली. हा क्लब, ला ग्वाइरा नावाच्या बंदराचा, तिबुरोनेस, म्हणजे शार्कवाले.

‘मग हे सगळे ला ग्वाइराचे खेळाडू?’ मी लेकीमार्फत विचारलं.

पुन्हा मान हलली. काही ला ग्वाइराचे, काही दुसऱ्या क्लबांकडून उसने घेतलेले. महिनाभरापूर्वी एकमेकांविरुद्ध खेळलेली माणसं आता एका बाकावर बसली होती.

‘म्हणजे हा क्लब आहे की देश?’

‘हो,’ सेन्योर म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

हे ‘हो’ पचायला वेळ लागला. अमेरिकेतला बेसबॉलचा मोठा हंगाम वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला संपतो. पुढे तिकडे थंडी आणि बर्फ. कॅरिबियन समुद्राच्या काठाने मात्र तेच महिने खेळायला झकास. म्हणून डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, प्वेर्तो रिको, मेक्सिको या देशांत ऑक्टोबर ते जानेवारी व्यावसायिक लीग चालतात. उत्तरेत नाव कमावलेले खेळाडू घरी येतात आणि लहानपणी ज्या क्लबासाठी ओरडले त्याच्याकडून खेळतात. नवशिके तिथेच तयार होतात. जानेवारीअखेर प्रत्येक लीगचा विजेता ठरतो, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हे सगळे विजेते एका शहरात जमून एकमेकांशी भिडतात. ही कॅरिबियन सिरीज.

उसनवारीचं कारणही ओघाने कळलं. उत्तरेतल्या बड्या क्लबांचे करोडो डॉलर या खेळाडूंच्या खांद्यांत आणि कोपरांत गुंतलेले असतात. वर्षभर दमलेल्या खेळाडूला हिवाळी लीगमध्ये खेळण्यापासून रोखायची मुभा त्यांना करारानेच दिलेली आहे. शिवाय फेब्रुवारी उजाडला की तिकडच्या सराव शिबिरांची हाक येते. अशा वेळी विजेत्या क्लबाकडे पुरेसे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तरी उरतील का, ही शंकाच. तेव्हा आपल्या लीगमधल्या इतर क्लबांतून चांगले खेळाडू घ्यायची मुभा त्याला मिळते. असा फुगलेला संघ देशाचं नाव छातीवर लावून उतरतो.

प्रेक्षकांचंही तसंच. आमच्या पुढच्या रांगेत काराकासच्या सिंहांची टोपी घातलेला एक तरुण होता, आणि त्याच्या पलीकडे माघायानेस क्लबाच्या टोपीतली बाई. हे दोन क्लब म्हणजे व्हेनेझुएलातले जन्माचे वैरी. घरच्या हंगामात ही दोघं एका बाकावर बसली नसती. इथे दोघंही शार्कवाल्यांसाठी घसा बसेपर्यंत ओरडत होती. मी सेन्योरांना विचारलं, तिबुरोनेसऐवजी तुमचा वैरी क्लब जिंकून इथे आला असता तर? त्यांनी विचार केला. आलो असतो, म्हणाले, पण टोपी आपलीच घातली असती.

मैदान होतं लोनडेपो पार्क, उघडझाप करणाऱ्या छताचं. ते लिटल हवाना या वस्तीत आहे, आणि मला चक्रावून टाकणारी पुढची गोष्ट हीच होती. ही स्पर्धा जन्मली खऱ्या हवानात. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्यूबा, पनामा, प्वेर्तो रिको आणि व्हेनेझुएला या चार देशांचे विजेते तिथे जमले आणि क्यूबाच्या आल्मेंदारेस क्लबाने एकही सामना न हरता ती जिंकली. या पहिल्या स्पर्धेपासून १९६० पर्यंतच्या बारा स्पर्धांचा हिशेब मांडला तर त्यातल्या सात क्यूबाच्या, आणि १९५६ ते १९६० या शेवटच्या पाच तर ओळीने. मग क्रांती आली. फिदेल कास्त्रोच्या सरकारने व्यावसायिक खेळ बंद केला. क्यूबा गेला आणि स्पर्धाही मोडली. १९७० मध्ये काराकासला ती पुन्हा उभी राहिली तेव्हा डॉमिनिकन रिपब्लिक आत आला होता, वर्षभराने मेक्सिकोही आला, आणि क्यूबाची खुर्ची त्यानंतर दशकानुदशकं रिकामी राहिली. २०१४ मध्ये क्यूबाचा संघ परतला, दुसऱ्याच वर्षी जिंकलाही. पण मी बघत होतो त्या २०२४ च्या स्पर्धेत सात संघ होते आणि त्यांत क्यूबा नव्हता.

म्हणजे हवानात सुरू झालेली स्पर्धा लिटल हवानात चाललेली, आसपासच्या गल्ल्यांत क्यूबातून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, आणि मैदानावर त्यांचं कोणीच नाही. स्टेडियमबाहेर एक म्हातारे गृहस्थ आल्मेंदारेसची निळी टोपी घालून उभे होते. त्या क्लबाने शेवटचा सामना खेळून साठेक वर्षं झाली होती.

याच जागेवर पूर्वी ऑरेंज बोल नावाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम होतं. १९९० ची कॅरिबियन सिरीज तिथेच भरली. फुटबॉलच्या आयतात बेसबॉलचं मैदान कोंबल्यावर एका बाजूची भिंत नको इतकी जवळ आली होती. ते पाडलं गेलं आणि २०१२ मध्ये हे नवं मैदान उघडलं. त्या पहिल्या हंगामात इथल्या संघाचा मॅनेजर होता व्हेनेझुएलाचा ओझी गियेन. त्याने फिदेलबद्दल काढलेल्या कौतुकाच्या उद्गारांवरून लिटल हवाना पेटलं. त्याने माफी मागितली, त्याला पाच सामने बाहेर बसवलं गेलं, आणि हंगाम संपताच त्याला नारळ मिळाला. बारा वर्षांनी तोच गियेन त्याच मैदानावर, तिबुरोनेसचा मॅनेजर म्हणून उभा होता. तरुणपणी तो याच क्लबाकडून खेळलेला. आणि क्लब कसा, तर आपल्या देशाची लीग शेवटची १९८६ मध्ये जिंकलेला. अडतीस वर्षं वाट बघून जानेवारीत त्यांना ती पुन्हा मिळाली होती. सेन्योरांचे केस त्या वाटेत पांढरे झाले.

आता खेळाकडे. क्रिकेट बघितलेल्या माणसाला बेसबॉल आधी ओळखीचा वाटतो आणि तिथेच तो फसतो. खेळपट्टी बावीसऐवजी साधारण वीस यार्डांची, इथवर ठीक. पण चेंडू टप्पा घेत नाही. मागे मारलेला सुंदर लेटकट इथे कवडीमोलाचा, कारण दोन पांढऱ्या रेषांच्या पाचरीबाहेर गेलेला फटका फुकट. चेंडू बॅटला लागून त्या रेषांच्या आत पडला की पळायलाच हवं, ‘थांब’ म्हणायची सोय नाही. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू, झाले की बाद, पिचरने चार वाईट चेंडू टाकले की फुकटात पहिल्या बेसवर. तीन बाद झाले की बाजू बदलते. नऊ इनिंग, म्हणजे एका संघाचे सत्तावीस बाद. आणि सामना बरोबरीत सोडत नाहीत. २०१३ साली एर्मोसियोत या स्पर्धेचा अंतिम सामना अठराव्या इनिंगपर्यंत लांबला, मेक्सिकोच्या ओब्रेगोन क्लबाने तो ४-३ असा जिंकला तेव्हा सात तास उलटून गेले होते. तिथल्या गुणलेखकाच्या मनगटाचं काय झालं असेल, हा माझा पहिला विचार.

कारण एव्हाना मला सेन्योरांच्या पेन्सिलीचं रहस्य कळलं होतं. तेही गुण लिहीत होते. गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, कागदावर चौकोनांची जाळी आणि प्रत्येक चौकोनात शंकरपाळ्याच्या आकाराचं छोटं मैदान. आमच्यात एकही सामाईक भाषा नव्हती, पण हा कागद आम्हां दोघांनाही वाचता येणार हे नक्की होतं. मी खुर्ची जवळ सरकवली.

क्षेत्ररक्षकांना इथे नावाने नाही, आकड्याने लिहितात. पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा चार, तिसरा पाच, शॉर्टस्टॉप सहा, आणि लांब उभे असलेले तिघं सात, आठ, नऊ. सेन्योरांनी चौकोनात ‘६-४-३’ लिहिलं आणि बोटाने मैदान दाखवलं. शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला फेकला, तिथून पहिल्याला, दोन फलंदाज बाद. तीन आकड्यांत अख्खी धावपळ मावली होती. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून चुकलेल्यासाठी इंग्रजी के. बॅट खांद्यावरच ठेवून बघत राहिलेल्यासाठी तोच के, पण आरशात बघितल्यासारखा उलटा. नुसतं बाद होणं आणि गाफील राहून बाद होणं यांत फरक करणारी ही वही मला तिथल्या तिथे आवडली.

धावफलकावर प्रत्येक संघापुढे शेवटी तीन रकाने होते: धावा, हिट, चुका. धावांचा अर्थ उघड. हिट म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं. तिसऱ्या रकान्याने मात्र मला हादरवलं. क्षेत्ररक्षकाच्या हातून साधा चेंडू सुटला आणि फलंदाज पोहोचला, तर ते हिट धरत नाहीत, क्षेत्ररक्षकाची चूक धरतात. आणि हे कोण ठरवतं? पंच नव्हे. सामन्याचा अधिकृत गुणलेखक! आमच्या धंद्यात पंच खूण करतो, आम्ही हात वर करून पोच देतो आणि लिहितो. स्वतःचं मत असण्याचा प्रश्नच नाही. इथे गुणलेखक न्यायाधीश. मी लेकीला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. ‘हो बाबा, तोच ठरवतो,’ ती म्हणाली, ‘आणि लोक त्याला शिव्याही घालतात.’ तरीही मला त्या माणसाचा हेवा वाटला.

त्या संध्याकाळी व्हेनेझुएलासमोर निकाराग्वा होता, या स्पर्धेत प्रथमच आलेला. व्हेनेझुएलाकडून चेंडू टाकत होता डावखुरा पिचर आंखेल पाद्रोन. सामना मला कंटाळवाणा वाटू लागला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. व्हेनेझुएलाच्या धावा चढत होत्या, निकाराग्वाचे फलंदाज येत होते आणि जात होते. सेन्योरांच्या कागदावर निकाराग्वाच्या बाजूला नुसते के, आकडे आणि उडालेले झेल.

पण आजूबाजूला काहीतरी बदलत होतं. सुरुवातीला आमच्या भागात ढोल होता, कर्णा होता, चीज भरलेल्या तळलेल्या कांड्या रांगेतून पुढे सरकत होत्या. सामन्याचा मध्य उलटला तशी खायला उठलेली माणसं जागेवर येऊन बसली आणि पुन्हा उठेनात. सामना एकतर्फी होत असताना लोक घरी निघतात, हे मला ठाऊक. इथे एकतर्फी सामन्याला ताण चढत होता. सेन्योरांचं बोलणं बंद झालं. मी त्यांना धावफलकावरचा निकाराग्वाचा हिटचा रकाना बोटाने दाखवला, तिथे शून्य होतं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलंच नाही. मान वळवून ते छताकडे बघत बसले. लेकीला विचारलं तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

नंतर कळलं ते असं. पिचरने एकही हिट न देता सामना संपवणं म्हणजे नो-हिटर. तो रंगात आला की त्याचं नाव काढायचं नाही. बाकावर पिचरचे सोबती त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्या शेजारीही बसत नाहीत. प्रेक्षकही तो शब्द तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. हजारो माणसं एकाच गोष्टीचा विचार करत होती आणि तिच्याविषयी कोणीही बोलत नव्हतं. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मला वाटत होतं की काहीच चाललेलं नाही. एका अर्थाने ते बरोबरच होतं. काही घडू नये म्हणूनच सगळे जीव मुठीत धरून बसले होते.

इथे मला बापू नाडकर्णी आठवले. जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस षटकं निर्धाव. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. गुणलेखकाच्या वहीत निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढतात. त्या दिवशी वहीत तसे एम एकाखाली एक उतरत गेले असणार. आमच्या पिढीतल्या प्रत्येक गुणलेखकाने ते पान मनात अनेकदा लिहून पाहिलं आहे. ठिपका लिहितानाही हात थरथरू शकतो, हे आम्हांला बापूंनी शिकवलं. फरक एवढाच की बापूंना त्या सगळ्यातून बळी मिळाला नाही आणि सामना अनिर्णित राहिला. पिचरला मात्र नुसतं रोखून भागत नाही, सत्तावीस जणांना बाद करूनच सुटका. ते लक्षात आल्यावर मी सेन्योरांच्या कागदाकडे नव्याने बघितलं. कंटाळवाणं म्हणून मी ज्याच्यावरून नजर फिरवत होतो, तोच त्या स्पर्धेतला सर्वांत दुर्मिळ कागद तयार होत होता.

शेवटचा फलंदाज बाद झाला आणि मैदान फुटलं. ढोल, कर्णा, अनोळखी माणसांच्या मिठ्या. काराकासची टोपी माघायानेसच्या टोपीच्या गळ्यात. सेन्योरांनी आधी शेवटचा चौकोन भरला, कागदाखाली तारीख घातली आणि मग रडले. हा क्रम मला फार पटला.

कॅरिबियन सिरीजच्या इतिहासात असं याआधी एकदाच घडलं होतं. १९५२ साली पनामात, हवाना क्लबाच्या टॉमी फाइन या अमेरिकन पिचरने १-० अशा सामन्यात ते केलं. समोर होता सेर्वेसेरिया काराकास, म्हणजे व्हेनेझुएलाचाच संघ. तेव्हा ज्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं गेलं, त्यांच्या देशाच्या एका मुलाने बहात्तर वर्षांनी ते दुसऱ्याच्या नावापुढे लिहायला लावलं.

निकाराग्वाच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीतली एक मावशी आमच्या मागच्याच रांगेत होती. तिचं काय झालं असेल म्हणून मी वळून पाहिलं, तर तीही टाळ्या वाजवत होती. लेकीने तिच्याशी बोलून मला सांगितलं: ती म्हणते, आम्हांला यातलं कळतं, आमच्या डेनिस मार्टिनेझने १९९१ मध्ये उत्तरेतल्या लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला होता. म्हणजे एकाही फलंदाजाला हिटवर, फुकटात किंवा चुकीमुळेही बेस गाठू दिला नव्हता. मानाग्वाच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलेलं होतं. हरलेल्या संघाची प्रेक्षक आपल्या इतिहासाच्या जोरावर जिंकणाऱ्याला दाद देत होती.

अंतिम सामन्यात व्हेनेझुएलासमोर डॉमिनिकन रिपब्लिक आला, म्हणजे सान्तो दोमिंगोचा लिसेइ क्लब. १९०७ साली स्थापन झालेला, ही स्पर्धा अकरा वेळा जिंकलेला, आधीच्या वर्षीचाही विजेता. डॉमिनिकन लोकांचे ढोल वेगळे, नाच वेगळा, आत्मविश्वासही वेगळाच. त्या रात्री मात्र त्यांच्या धावांच्या रकान्यात शून्य राहिलं. तिबुरोनेस ३-० ने जिंकले. व्हेनेझुएलाला ही सिरीज २००९ नंतर पहिल्यांदा मिळाली, ला ग्वाइराला इतिहासात पहिल्यांदा. सेन्योरांच्या घरी त्या रात्री झोपलं कोण, असं लेकीने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारलं. कोणीच नाही, असं उत्तर आलं.

मुंबईत परतल्यावर मी मित्रांना हे सांगायला गेलो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘देश की क्लब?’ मी ‘हो’ म्हणालो. पुढच्या फेब्रुवारीत स्पर्धा मेक्सिकालीत होती आणि अंतिम सामना आपल्याकडे सकाळी दिसायचा. पाहुणा म्हणून जपानचाही एक संघ त्या वर्षी येऊन गेला होता, त्यामुळे कॅरिबियन म्हणजे नेमकं कुठवर, हा नवा गोंधळ मित्रांनी माझ्यापुढे ठेवला. अंतिम सामन्यात डॉमिनिकनांकडून लिसेइचा शेजारी आणि हाडवैरी एस्कोहीदो उतरला. हे दोन क्लब सान्तो दोमिंगोत एकाच स्टेडियमात खेळतात. समोर मेक्सिकोचा हालिस्को. नऊ इनिंग झाल्या तरी दोन्ही बाजूंना शून्य. मित्र पेपर वाचायला लागले. मी मात्र आखलेल्या कागदावर पेन्सिल धरून बसलो होतो, कारण एक चौकोनही सुटता कामा नये. दहाव्या इनिंगमध्ये एस्कोहीदोने १-० ने सामना घेतला.

पिचरची कोणती हालचाल ‘बाल्क’, म्हणजे नियमबाह्य, ठरते हे मला आजही सांगता येत नाही. उडालेला झेल पकडला जायच्या आधीच पंच कधीकधी फलंदाजाला बाद का देतात, त्या नियमाचं स्पष्टीकरण मी अनेकांकडून ऐकलं आणि प्रत्येक वेळी वेगळं ऐकलं. पण सेन्योरांशी माझा पत्रव्यवहार सुरू आहे. ते मला फोनवर आपल्या कागदाचा फोटो पाठवतात, मी त्यांना माझ्या कागदाचा. एका चौकोनावरून आमचा वाद मिटलेला नाही: मी तिथे हिट लिहिली आहे, त्यांनी चूक.